मित्रांच्या जागतिक भूगोल-इतिहासाच्या ज्ञानाची परीक्षा घ्यायची असेल, तर कोणते प्रश्न विचारावेत?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीत सगळे जुने मित्र नागपुरात जमणार आहेत आणि एक संध्याकाळ जगाच्या भूगोल-इतिहासावर प्रश्नमंजुषा घ्यायची आहे. अडचण ही की एकजण एमपीएससीचा अभ्यास करतोय, आणि बाकीच्यांनी दहावीनंतर नकाशा उघडलेला नाही. आमच्या गटाचीही घडण अशीच आहे आणि प्रश्न काढायचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राजधान्या, चलनं, सर्वात लांब, सर्वात उंच, पहिला पुरुष, पहिली महिला हे सगळं बाजूला ठेवा. अशा प्रश्नाचं उत्तर एकतर येतं, नाहीतर येत नाही. ज्याला येत नाही त्याच्यापाशी करण्यासारखं काहीच उरत नाही. दोन-चार प्रश्नांत तो गप्प होतो आणि मोबाइल काढतो. प्रश्न असा हवा की उत्तर ठाऊक नसलेल्यालाही बोलता यावं, डोक्यात पडून असलेले माहितीचे तुकडे जोडत जोडत त्याला उत्तराच्या जवळ सरकता यावं. असे प्रश्न काढायला माझ्या मते सगळ्यात चांगली जागा आपलं स्वतःचं गाव. नागपूरवरून सुरुवात करा आणि तिथून जगात जा. गावाबद्दल प्रत्येकाला काही ना काही ठाऊक असतंच, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून सगळे खेळात असतात.

आमच्याकडे हमखास चालणारा प्रश्न हा: "नागपूरवरून नाकासमोर दक्षिणेला निघालो, कुठेही वळलो नाही, तर भारत सोडल्यावर पुढची जमीन कोणती लागेल?" सगळे एका सुरात म्हणतात, "श्रीलंका असन ना बे!" मग एखादा हळूच विचारतो की श्रीलंका नकाशावर जरा उजवीकडे, म्हणजे पूर्वेला, नाही का, आणि वाद पेटतो. नागपूर ७९ अंश पूर्व रेखांशाच्या अगदी किंचित पुढे आहे. ही रेषा तेलंगण आणि आंध्रातून उतरत, वेल्लोर-तंजावरला जवळजवळ चाटून, रामेश्वरमच्या अलीकडे मंडपमपाशी समुद्राला मिळते. श्रीलंकेचा पश्चिम किनारा तिच्या साठ-सत्तर किलोमीटर पूर्वेला राहतो. पुढे आठ हजारांहून अधिक किलोमीटर नुसतं पाणी, आणि मग थेट अंटार्क्टिका. रेषा जिथे बर्फाला टेकते तिथून दीड-दोनशे किलोमीटरवर भारताचं 'भारती' हे संशोधन केंद्र आहे, २०१२ पासून. हे ऐकल्यावर लोक स्वतःहून नकाशा मागतात. भिंतीवर लावायचा मोठा जगाचा नकाशा त्या दिवशी जवळ असू द्याच. उत्तर सांगून झालं की ते बोटाने दाखवता आलं पाहिजे.

याच रेषेवर जोडप्रश्न आहे: "नागपूरच्या सरळ दक्षिणेला भोसल्यांची आणखी एक राजधानी आहे, कोणती?" तंजावर. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचं राज्य. नागपूरकर भोसल्यांचं घराणं वेगळं, पण दोन्ही गादीची शहरं जवळजवळ एकाच रेखांशावर, मध्ये सुमारे ११५० किलोमीटर. इथे इतिहासवाला आणि नकाशावाला दोघांना एकमेकांची गरज पडते. मला असे प्रश्न सगळ्यात जास्त आवडतात.

आता आडवी रेषा. "नागपूर, मक्का, हनोई आणि होनोलुलू यांच्यात सारखं काय?" हनोई व्हिएतनामची राजधानी, होनोलुलू हवाई बेटांवर, मक्का अरबस्तानात, वरवर पाहता काहीच जुळत नाही. चारही शहरं २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. नागपूर २१.१, हनोई २१.०, होनोलुलू २१.३, मक्का २१.४. पण तिथेच थांबू नका, पुढचं विचारा: सूर्य चौघांवर सारखाच तळपतो, तर मे महिन्यात आपला पारा ४५ च्या वर जातो आणि होनोलुलूचा ३५ च्या पुढे का जात नाही? आमच्याकडे याचं उत्तर ट्रान्सपोर्टचा धंदा करणाऱ्या मित्राने दिलं. त्याने कधी अक्षांश हा शब्द उच्चारला नव्हता, पण मुंबईला गाडी घेऊन गेल्यावर रात्री अंगाला काय जाणवतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. समुद्र हळू तापतो, हळू निवतो. आपण समुद्रापासून इतके आत आहोत की ती सोय आपल्याला नाही. त्या दिवसापासून तो एकही बैठक चुकवत नाही.

राजधान्या विचारू नका असं म्हणालो, पण राजधानी का हलली किंवा का वाटली गेली, हे जरूर विचारा. नागपूरकरांइतका हा विषय कोणाच्या जिव्हाळ्याचा असणार? सुरुवात अशी करा: "मध्य प्रदेशाची पहिली राजधानी कोणती?" भोपाळ, जबलपूर, इंदूर अशी नावं येतात. उत्तर नागपूर. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला तेव्हापासून इथून कारभार चालत होता. १९५० मध्ये त्या प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं, तेव्हाही राजधानी इथेच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ मराठी-गुजराती अशा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि राजधानीपण संपलं. १९५३ च्या नागपूर करारात सरकारने काही काळ इथे यायचं आणि विधिमंडळाचं वर्षातून एक तरी अधिवेशन इथे भरवायचं असं ठरलं होतं. आजचं हिवाळी अधिवेशन तिथूनच आलं.

एवढं बोलून झालं की दार उघडतं. "अशी वाटणी जगात आणखी कोणी केली?" दक्षिण आफ्रिकेने. १९१० मध्ये चार ब्रिटिश वसाहती एकत्र आल्या तेव्हा राजधानीवरून एकमत होईना. शेवटी सरकार प्रिटोरियाला, संसद केप टाऊनला आणि अपील न्यायालय ब्लोमफाँटेनला अशी विभागणी झाली. चिलीची राजधानी सँटियागो, पण संसद भरते वाल्पाराइसो या बंदरात. नेदरलँड्सची राजधानी ॲमस्टरडॅम, सरकार आणि संसद मात्र हेगमध्ये. ऑस्ट्रेलियात सिडनी आणि मेलबर्न दोघंही मागे हटेनात, म्हणून मधल्या माळरानावर कॅनबेरा नावाचं नवं शहर वसवलं. याच ओळीत एक अवघड प्रश्न ठेवा: "युरोपातल्या कोणत्या देशाचा दरबार काही वर्षं चक्क दक्षिण अमेरिकेतून चालत होता?" पोर्तुगालचा. नेपोलियनचं सैन्य लिस्बनच्या दारात आलं तसा राजघराण्याने समुद्र ओलांडला. १८०८ ते १८२१ त्यांचा कारभार रिओ दि जानेरोहून चालला.

इतिहासाचे प्रश्न काढताना सनावळ्या पाठ आहेत का, हे तपासण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा 'त्याच वेळी तिकडे काय चाललं होतं' हे विचारा. आपण शाळेत महाराष्ट्राचा इतिहास एका पुस्तकात शिकलो आणि जगाचा दुसऱ्या, त्यामुळे ते दोन काळ डोक्यात कधी एकत्र येतच नाहीत. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ऑगस्ट १६६६ मध्ये. त्यानंतर काही दिवसांतच, २ सप्टेंबरला, लंडनमध्ये आग लागली आणि चार-पाच दिवसांत जुनं शहर जळून गेलं. न्यूटन त्या दीड-दोन वर्षांत प्लेगमुळे केंब्रिज सोडून घरी राहत होता आणि त्याचं गणितावरचं मोठं काम तिथेच सुरू झालं. मी पर्याय देतो: महाराज आग्र्यात होते तेव्हा अमेरिका स्वतंत्र झालेली होती का? फ्रान्सची राज्यक्रांती झालेली होती का? लंडनची आग आणि आग्र्याहून सुटका, यांत आधी काय? उत्तरं ऐकताना लक्षात येतं की प्रत्येकाच्या मनातली काळाची पट्टी केवढी वाकडी असते. तरुण इंजिनिअर मित्रांनाही फ्रेंच राज्यक्रांती शिवकालाच्या आधीची वाटते. ती १७८९ ची, म्हणजे पानिपतानंतरची.

पानिपताचाच एक प्रश्न घ्या. "१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठे हरले. त्याच आठवड्यात भारतातल्या आणखी एका सत्तेचं कंबरडं मोडलं, कोणत्या?" हिंट म्हणून पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळणाऱ्या इब्राहिमखान गारदीचं नाव द्या आणि त्याने तोफखान्याची विद्या कोणाकडे घेतली ते विचारा. फ्रेंचांकडे, बुसी या सेनानीच्या हाताखाली. आणि सत्ताही फ्रेंचांचीच. कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली. तिकडे युरोपात सप्तवार्षिक युद्ध चालू होतं, त्याचंच ते इकडचं टोक. उत्तरेत मराठे थांबले, दक्षिणेत फ्रेंच संपले आणि मोकळं मैदान कोणाला मिळालं, हे मग कोणाला समजावून सांगावं लागत नाही. या प्रश्नावर आमच्याकडे चहा दोनदा गरम करावा लागला होता.

पण प्रश्नमंजुषा नागपुरात घ्यायची असेल तर १९५६ ची फेरी चुकवू नका. चार चिठ्ठ्यांवर चार घटना लिहा आणि तारखा न देता क्रम लावायला सांगा: दीक्षाभूमीवरचा धम्मदीक्षेचा सोहळा, हंगेरीतला उठाव, सुएझचं युद्ध आणि नागपूरचं राजधानीपण जाणं. आधी जगातल्या दोन घटना कोणत्या दशकातल्या यावरच मतभेद होतात. हे सगळं अवघ्या अठरा-एकोणीस दिवसांतलं आहे. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, २३ ला हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये, लोक रस्त्यावर उतरले, २९ ला इस्रायलचं सैन्य इजिप्तच्या सिनाईत घुसून सुएझचं युद्ध सुरू झालं आणि १ नोव्हेंबरला राज्यं नव्याने आखली गेली. त्याच नोव्हेंबरात मेलबर्नला ऑलिंपिक होतं आणि हंगेरीत रशियाने केलेल्या दडपशाहीच्या निषेधार्थ नेदरलँड्स, स्पेन आणि स्वित्झर्लंड तिथे गेले नाहीत. आमच्यातल्या एकाची आजी त्या दिवशी दीक्षाभूमीवर होती. चिठ्ठ्या लावताना त्याने तिचं बोलणं सांगायला सुरुवात केली आणि आम्ही गुण लिहिणं बंद करून ऐकत बसलो. अशी वेळ आली तर तुम्हीही खेळ थांबवा.

काही प्रश्न साखळीचे असतात. एक टोक विदर्भात, दुसरं साता समुद्रापार, आणि मधल्या कड्या मित्रांनी जोडायच्या. "१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. कसा?" उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी केली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस बंद झाला आणि इंग्रज व्यापारी भारताकडे वळले. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली १८६७ मध्ये. दहा वर्षांनी जमशेदजी टाटांनी इथे गिरणी काढली, तिचं नाव एम्प्रेस का? कारण ती सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला, ज्या दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली. एम्प्रेस मिलच्या जागेवरून रोज जाणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या नावात अख्खं साम्राज्य दिसतं? शेतकरी घरातली मुलं या साखळीत सगळ्यात पुढे असतात, कारण भाव का चढतो आणि का पडतो हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

दुसरी साखळी अशी: "वर्धा जिल्ह्यातलं हिंगणघाट आणि जगातलं सर्वात उंच शिखर यांचा संबंध काय?" विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासहून भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीला सुरुवात केली. सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन तो वर्षानुवर्षं उत्तरेकडे सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ ला, नागपूरकडे येताना, हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. त्याचं काम हाती घेतलं त्याच्या मदतनिसाने, त्याचं नाव जॉर्ज एव्हरेस्ट. तो १८४३ मध्ये निवृत्त झाला. पुढे राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून 'पंधरावं शिखर' सर्वात उंच ठरलं, १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली आणि १८६५ मध्ये शिखराला एव्हरेस्टचं नाव मिळालं. ज्याने पायाच घातला तो मात्र आपल्या शेजारी, एका कापूसपेठेच्या गावात, जवळजवळ विस्मरणात गेलाय. मला याचं खरंच वाईट वाटतं, आणि म्हणून हा प्रश्न मी नवीन माणूस गटात आला की हटकून विचारतो.

आता एक काळजी. उत्तर स्वतः तपासल्याशिवाय प्रश्न वापरू नका, विशेषतः व्हॉट्सॲपवर आलेला. केदारनाथपासून रामेश्वरमपर्यंतची शिवमंदिरं एकाच रेखांशावर अचूक उभी आहेत, असा मेसेज तुम्हालाही आला असेल. नकाशावर पाहिलं तर केदारनाथ आणि तिरुवण्णामलै ७९.०७ अंशांवर, रामेश्वरम ७९.३ वर, श्रीकालहस्ती आणि चिदंबरम ७९.७ वर. पूर्व-पश्चिम साठ किलोमीटरांहून जास्त फरक आहे. मंदिरांची महती त्याने कणभरही कमी होत नाही, पण प्रश्न चुकीचा ठरतो. तोच असा फिरवा: "यातली कोणती दोन मंदिरं नागपूरच्या रेषेवर जवळजवळ बरोबर येतात?" केदारनाथ आणि तिरुवण्णामलै. हे खरं आहे आणि ऐकायला तितकंच सुंदर आहे.

शब्द नेमके ठेवणंही तितकंच महत्त्वाचं. "सर्वात उंच पर्वत" म्हटलं की जाणकार विचारणार, कुठून मोजायचा? समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट, समुद्रतळातल्या पायथ्यापासून हवाईचा मौना केआ, पृथ्वीच्या केंद्रापासून इक्वेडोरचा चिंबोराझो. तिन्ही बरोबर. म्हणून प्रश्नच असा करा की "तीन वेगळ्या मोजमापांनी तीन वेगळे विजेते, सांगा कोणते". जगात देश किती, या प्रश्नाचंही तसंच. "संयुक्त राष्ट्रांचे सदस्य किती" असं विचारलं तर १९३ हे एकच उत्तर उरतं.

तुमच्या एमपीएससीवाल्या मित्राबद्दल. त्याला वेगळं बसवू नका, आणि सगळ्यांवर एकटाही सोडू नका. दोघा-तिघांचे गट करा आणि त्याच्या गटात असे घ्या ज्यांना काहीच येत नाही असं त्यांना स्वतःला वाटतं. नियम एकच: गटाचं उत्तर सगळ्यात कमी बोलणाऱ्याने सांगायचं, तेही 'का' सकट. उत्तर चुकलं पण विचार बरोबर दिशेने गेला असेल तर अर्धा गुण द्या. श्रीलंका म्हणणाऱ्याने "पण ती रेषेच्या थोडी पूर्वेला असावी" अशी शंका बोलून दाखवली तर मी अर्धा गुण देतोच. यामुळे ज्याला उत्तर येतं त्याला ते इतरांना समजावून द्यावं लागतं, आणि आमच्या अभ्यासू मित्राचं म्हणणं आहे की मुलाखतीच्या तयारीला त्याला याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. "एवढंही माहीत नाही का बे" हे वाक्य मात्र पहिल्याच मिनिटाला बंद करा. ते एकदा उच्चारलं गेलं की पुढची संध्याकाळ तो माणूस तोंड उघडत नाही.

प्रश्न बारा-पंधरापेक्षा जास्त नकोत, दीड-दोन तास सहज जातात. सुरुवात दक्षिणेच्या रेषेने करा, १९५६ मध्यावर ठेवा, कापसाची साखळी जेवणाच्या आधी. आणि मित्र बाहेरगावाहून येणार असतील, तर प्रत्येकाला आजच कळवून ठेवा की तो आता राहतो त्या शहरावरून सुरू होणारा आणि दुसऱ्या खंडात संपणारा एक प्रश्न त्याने तयार करून आणायचा आहे. पुण्याहून, बंगळुरूहून, दुबईहून येणारे असे प्रश्न आणतील जे तुम्हाला नागपुरात बसून सुचणार नाहीत, आणि शेवटची फेरी तुम्हालाही खेळायला मिळेल.